रविवारची सुट्टी

श्रावणातील अमावास्या जवळ आली की महाराष्ट्रातील खेड्यांत पोळ्याची तयारी सुरू होते. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकतात, त्यांवर हळद आणि तेल किंवा तूप चोळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आवतणही त्यांना देतात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढत नाही. त्याला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झूल घालतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात. काही भागांत हाच सण बेंदूर या नावाने आषाढात येतो. शेतकरी कितीही गरीब असो, कामे कितीही खोळंबलेली असोत, त्या दिवशी बैलाला औताला जुंपणे तो पाप समजतो. ज्या खांद्याने वर्षभर भार वाहिला त्या खांद्याला विसावा हवा, ही गोष्ट त्याला कोणी पुस्तकातून शिकवावी लागली नाही.

शेतीच्या कामाची रीतच अशी की, कष्टांच्या मध्ये विश्रांती आपोआप पेरलेली असे. पहाटे औत धरणारा कुणबी न्याहारीला थांबे. ऊन चढले की बैल सोडून तो झाडाखाली भाकरी खाई. बैल रवंथ करीत आणि तो घटकाभर आडवा होई. पावसाची झड लागली की शेतातील काम आपसूक बंद पडे. सुगी सरली की जत्रांचे दिवस येत. शेतकऱ्याचे कष्ट थोडे होते असे नव्हे. परंतु ते सूर्य, पाऊस आणि जनावराचे पोट यांच्या तालाने चालत.

पुढे असे काम आले की ज्याला हा ताल ठाऊकच नव्हता. मुंबईत ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांनी उभारलेली सुताची गिरणी १८५६ साली चालू झाली. त्यानंतरच्या तीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागांत एकामागून एक धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे पोटासाठी मुंबईस आली. शेतात बैल दमला की थांबे आणि त्याच्याबरोबर माणूसही थांबे. गिरणीतील यंत्र दमत नाही. बाष्पयंत्रात वाफ आहे तोवर पट्टे फिरत राहत, चात्या गरगरत राहत, आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या माणसालाही तसेच उभे राहावे लागे.

गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. म्हणून काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. हिवाळ्यात दिवस लहान, तेव्हा सुमारे अकरा तास. उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा तेरा तासांहूनही अधिक. आत कापसाचे बारीक तंतू उडत. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवावी लागे, त्यामुळे उकाडा असह्य होई. मधल्या जेवणाला निश्चित वेळ नव्हता. यंत्राकडे एक डोळा ठेवून घास घ्यावा लागे. आठवड्याची ठरलेली सुट्टी बहुतेक ठिकाणी नव्हतीच. वर्षातून मोजक्या सणांना गिरणी बंद राही, पण बंद असतानाही यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावणे येई. पोळ्याला ज्याने आपल्या बैलाला हात लावला नव्हता, त्याच कुणब्याला मुंबईत स्वतःसाठी तसा एक दिवस मिळेना.

या कामगारांत मुलेही होती. १८८१ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील कारखान्यांसाठी पहिला कायदा केला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांनी दिवसाला नऊ तासांहून अधिक काम करू नये, त्यांना रोज एक तास विसावा आणि महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, असे ठरवले. त्या काळी ही सुधारणा समजली गेली! हा धडा वाचणाऱ्या मुलांच्या वयाची, त्यांच्याहून लहानही, मुले नऊ तास यंत्रांपुढे उभी राहत, आणि ते कायदेशीर होते. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी त्या कायद्यात एक अक्षरही नव्हते.

अशा कामाने माणसाचे काय होते, हे समजण्यासाठी थकवा म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. थकवा हा आळसाचा भाऊ नव्हे. आपले स्नायू काम करतात तेव्हा त्यांच्यात साठवलेली साखर खर्च होत जाते. काम थांबल्यावर रक्त नवा पुरवठा आणते आणि साठा पुन्हा भरू लागतो. हा भरणा होण्याआधीच पुन्हा काम लादले तर हात जड होतो, नजर चुकते, लक्ष विचलित होते. घरात नजर चुकली तर पेला फुटतो. गिरणीत नजर चुकली तर बोटे पट्ट्यात सापडतात. शरीरात अखंड राबणारा म्हणून आपण हृदयाचे नाव घेतो. तेही विश्रांती घेतच असते. माणूस शांत बसलेला असताना हृदयाच्या एका ठोक्याला सुमारे आठ दशांश सेकंद लागतात; त्यांतील जवळजवळ तीन दशांश सेकंद ते आकुंचन पावते आणि उरलेले पाच दशांश सेकंद सैल राहते. कामापेक्षा विसावा अधिक, अशा हिशेबाने ते जन्मभर चालते.

झोपेची गोष्ट याहून विलक्षण आहे. आपण निजलो म्हणजे शरीर बंद पडले, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. वास्तविक गाढ झोपेतच मुलांच्या शरीराची वाढ करणारा स्राव मोठ्या प्रमाणात रक्तात येतो. दिवसा जे पाहिले, ऐकले, पाठ केले, त्याची मांडणी मेंदू झोपेत करतो आणि टिकवण्याजोगे ते टिकवतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसातून नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रेचा अभ्यास करणारे वैद्य सांगतात. नऊ तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या आणि पहाटे अंधारात उठणाऱ्या त्या मुलांना ती कोठून मिळणार!

या परिस्थितीविरुद्ध जो मनुष्य उभा राहिला त्याचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली जन्मलेल्या लोखंडे यांनी प्रथम रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली आणि नंतर ते मुंबईतील एका कापडगिरणीत कोठाराचे काम पाहू लागले. गिरणीत काय चालते ते त्यांनी तेथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडण्याच्या बेतात होते; १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणून चालवले. गिरणीत राबणाऱ्यांची गाऱ्हाणी या पत्रातून छापली जाऊ लागली.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी एक मंडळ नेमले. ही संधी ओळखून लोखंडे यांनी त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात परळ येथे कामगारांच्या दोन सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार केला. त्यांतील पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्येमागचे श्रम कळतात. अर्जातील मागण्या साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहा वाजता सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाल्यास बरा होईपर्यंत कामगाराला पगार चालू राहावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी. पाच मागण्यांपैकी पहिल्या तीन विश्रांतीसंबंधी आहेत, हे पाहण्यासारखे आहे. पगार वाढवा, ही मागणी या अर्जात नाही.

रविवारच का, असाही प्रश्न होता. सरकारी कचेऱ्या आणि न्यायालये रविवारी बंद राहत, हे एक कारण. दुसरे कारण अस्सल मराठी होते. रविवार हा खंडोबाचा वार, आणि गिरणीत राबणाऱ्या कितीतरी घराण्यांचे खंडोबा हे कुलदैवत. मालकासाठी सहा दिवस राबल्यावर एक दिवस आपल्या देवाला आणि आपल्या समाजाला द्यावा, असे लोखंडे कामगारांना समजावून देत, असे सांगतात.

मागण्या साध्या असल्या तरी त्या लवकर मान्य झाल्या नाहीत. मालकांना उत्पादन घटण्याची भीती वाटे. त्यातच आणखी एक गुंता होता. इंग्लंडात लँकेशायर परगण्यातील गिरणीवाल्यांना मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती पडली होती, आणि मुंबईत कामाचे तास कमी व्हावेत म्हणून तेही सरकारकडे तगादा लावीत होते. त्यांचा कळवळा किती खरा आणि स्वार्थ किती, याविषयी कोणालाही शंका यावी. त्यामुळे आपल्याकडील कित्येक पुढाऱ्यांना व वर्तमानपत्रांना कारखान्यांचे कायदे म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा डावच वाटे. ही शंका अगदी निराधार नव्हती. तथापि परळच्या चाळीत दमून पडलेल्या माणसाला विसावा हवा होता, हेही तितकेच खरे होते. आणि लोखंडे यांनी ही दुसरी गोष्ट सोडली नाही. कामगारांतही सर्वांचे मत एक होते असे मानण्याचे कारण नाही. ज्याला कामाच्या नगावर पैसे मिळत, त्याला एक दिवस बसून राहणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणे होते.

सहा वर्षे अशी गेली. शेवटी २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे कामगारांची एक प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार माणसे जमली होती. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. ज्या काळी स्त्रीने चार पुरुषांत बोलणेही लोकांना खपत नसे, त्या काळी दहा हजारांपुढे उभे राहून या स्त्रियांनी आपल्याला सुट्टी हवी असे सांगितले! सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला, आणि त्याच वर्षी जून महिन्यात संघाने आठवड्यातून एक दिवस गिरण्या बंद ठेवण्यास मान्यता दिली. त्याच साली सरकारने नेमलेल्या नव्या चौकशी मंडळात मुंबईपुरते स्थानिक सहकारी म्हणून लोखंडे यांनाही घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास सर्व कामगारांना मिळाला. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद झाले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आले.

सुट्टी मिळाल्यावर माणसे दिवसभर झोपून राहिली का? काही जण राहिले असतील, आणि त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. परंतु गिरणगावातील रविवार पुढे फार निराळा झाला. तालमींत कुस्त्या रंगू लागल्या. भजनी मंडळे बसली, नाटके आणि तमाशे रंगले. गावच्या माणसांची मंडळे जमली, गावाकडे पत्र लिहून घेणे, पैसे पाठवणे, आजारी नातलगाला भेटणे, ही कामे होऊ लागली. विश्रांती म्हणजे नुसते हातपाय पसरणे नव्हे. दिवसभर एकच हालचाल करणाऱ्या शरीराला दुसरी हालचाल आणि मनाला दुसरा विषय मिळणे, हीही विश्रांतीच होय. मागाचा खटका शंभरदा ओढणारा हात रविवारी मृदंगावर पडला तर तो थकत नाही, उलट ताजा होतो.

हा दिवस सर्वांना सारखाच लाभला, असे मात्र म्हणता येणार नाही. गिरणीत काम करणारी स्त्री रविवारी घरी असे, आणि घरी धुण्याचा ढीग, दळण व आठवड्याची राहिलेली कामे तिची वाट पाहत असत. नवरा तालमीत आणि बायको नळावर, हे चित्र त्या काळी घरोघर दिसे. आजही ते पुरते पुसले गेले आहे असे नाही.

लोखंडे यांना स्वतःला विसावा फारसा मिळाला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. लोक शहर सोडून पळत असताना ते रोग्यांच्या मदतीसाठी मागे राहिले, आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. भारतीय टपाल खात्याने २००५ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांच्या पश्चात एक निराळेच संकट आले. ते आले दिव्याच्या रूपाने. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताची वेस उरली नाही. तेजीच्या दिवसांत काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. साप्ताहिक सुट्टी होती, पण रोजचा विसावा पुन्हा हिरावला गेला. १९११ साली नवा कायदा करून कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घालावी लागली. १९२२ साली ती अकरा तासांवर आणि १९३४ साली दहा तासांवर आली. स्वातंत्र्यानंतर झालेल्या १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही सीमा ठरवली, आणि सलग पाच तासांहून अधिक काम अर्ध्या तासाच्या विसाव्यावाचून करून घेऊ नये असेही घातले. बारापासून नऊपर्यंतचे तीन तास कमी होण्यास सदतीस वर्षे लागली.

मालकांना जी भीती वाटत होती, ती खरी ठरली का, हेही पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील दारूगोळ्याच्या कारखान्यांत घाई इतकी होती की, कामगारांना रविवारीही राबवण्यात येई. १९१५ साली नेमलेल्या सरकारी समितीने मोजमापे घेऊन तपास केला, तेव्हा असे आढळले की, सातव्या दिवसाचे काम पदरात फारसे काही टाकत नाही. दमलेले कामगार आठवडाभर सावकाश काम करीत, चुका वाढत, आजारपणे वाढत. रविवार परत दिल्यावर उत्पादन घटले नाही. लढाईच्या गर्दीत, जेथे एकेक गोळा मोलाचा होता, तेथे हा हिशेब निघाला.

मुलांच्या बाबतीत जगाने आणखी पुढे पाऊल टाकले. विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात म्हटले होते. १९८९ साली बालकांच्या हक्कांचा जो करार झाला, त्यात विश्रांतीच्या जोडीला खेळ हा शब्दही स्पष्टपणे लिहिला गेला. भारताने १९९२ साली हा करार मान्य केला. तेव्हा संध्याकाळी मैदानावर आट्यापाट्या खेळणाऱ्या मुलाला ‘वेळ वाया घालवतोस’ म्हणून कोणी रागावले, तर त्या मुलाच्या बाजूने एक आंतरराष्ट्रीय करार उभा आहे! शाळा, शिकवणी, पुन्हा गृहपाठ, आणि रात्री उशिरापर्यंत डोळ्यांपुढे उजळलेला मोबाइलचा पडदा, असा दिवस असेल तर तो करार कोठे मोडतो, हे मात्र घरातील सर्वांनी मिळून पाहावे लागेल. त्या पडद्याचाही गुण गिरणीतील विजेच्या दिव्यासारखाच आहे. तो सूर्यास्त होऊ देत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लोअर परळला जेथे फिनिक्स गिरणी होती, तेथे आता मोठे झगमगते बाजार-संकुल आहे. रविवारी तेथे सर्वांत अधिक गर्दी असते. इतरांची सुट्टी तीच तेथील विक्रेत्यांची सर्वांत धावपळीची वेळ. राज्याच्या २०१७ सालच्या कायद्याने दुकानांना वर्षाचे सर्व दिवस उघडे राहण्यास मुभा दिली, परंतु कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी दिलीच पाहिजे, असे बजावले. म्हणून तेथे काम करणाऱ्या मुलामुलींत सुट्ट्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. कोणाचा विसाव्याचा वार मंगळवार असतो, कोणाचा गुरुवार.